वसंत दसऱ्याला पेरायचा

फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटतो, सकाळचं धुकं विरळ होतं, दुपारी अंगावरची शाल नकोशी वाटायला लागते आणि माझा फोन वाजू लागतो. नोएडा, गुडगाव, द्वारका, इंदिरापुरम. बोलणं थोड्याफार फरकाने एकच: "मॅडम, स्प्रिंग आ रहा है, यार्ड तैयार करवाना है." बहुतेकांनी कुठल्यातरी थंड देशातल्या बाईचा व्हिडिओ पाहिलेला असतो. बर्फ नुकतं वितळलंय, बाई गुडघे टेकून वाफे खणतेय, बी टाकतेय, आणि व्हिडिओच्या शेवटी कुंपणापर्यंत फुलंच फुलं. मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगते की दिल्लीच्या वसंताची तयारी करायची वेळ दसऱ्याच्या आगेमागे होती, ती गेली. आता तयारी करायची ती उन्हाळ्याची. पलीकडून क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग प्रश्न येतो, "तो अभी क्या लग सकता है?"

या एका प्रश्नावर माझं घर बऱ्यापैकी चालतं, त्यामुळे तक्रार करायचा मला अधिकार नाही. पण इतकी वर्षं लोकांच्या अंगणांत खुरपी घेऊन बसल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. वसंत बघायची हौस दिल्लीत प्रत्येकाला असते. तो पेरायच्या वेळी मात्र कुणाला सवड नसते. सप्टेंबरअखेरीला घामाने चिकचिकत असताना फेब्रुवारीतल्या फुलांचा विचार करायला माणूस थोडा चक्रम असावा लागतो.

मी मूळची वाईची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले आणि लग्न होऊन नोएडाला आले. तिथे शिकलेलं सगळं इथे उपयोगी पडलं, फक्त तारखा सोडून. वाईच्या परसात कर्दळ, अळू, जास्वंद आणि मोगरा बारा महिने आपापल्या जागी उभे असतात. हिवाळ्यात थोडे मलूल होतात, एवढंच. तुळस थंडीने मेली, असं आमच्याकडे मी कधी ऐकलं नव्हतं. दिल्लीत जानेवारीच्या दोन-तीन रात्रींत ती शेंड्याकडून काळी पडत खाली येते. म्हणून इथल्या बायका डिसेंबरातच वृंदावनावर जुनी ओढणी किंवा लाल चुनरी घालतात. १ जानेवारी २०२१ च्या पहाटे सफदरजंगला पारा १.१ अंशावर आला होता. त्याच शहरात साडेचार महिन्यांनी चाळिशी ओलांडलेली असते. एकाच कुंडीतल्या एकाच रोपाकडून या दोन्हींची अपेक्षा करायची, हे काम सोपं नाही.

म्हणून इथल्या घरबागेचं वर्ष दोन पेरण्यांवर चालतं. पहिली सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत: पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, डायांथस, लार्कस्पर, स्वीट पी, हॉलीहॉक आणि ज्याला इथला प्रत्येक माळी 'डॉग फ्लावर' म्हणतो तो अँटिऱ्हिनम. गुलाबाची छाटणीही ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली. ही रोपं धुक्याच्या दिवसांत जमिनीलगत दबून बसतात, मुळं धरतात, आणि ऊन तापायला लागलं की एकदम उसळतात. फेब्रुवारीत दिसतो तो हा हिशोब. दुसरी पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत: झिनिया, कोचिया, पोर्तुलाका, गॉम्फ्रिना, सूर्यफूल, आणि भाज्यांत भेंडी, दुधी, दोडकी, काकडी. पहिली पेरणी हौसेची असली तर दुसरी निव्वळ टिकून राहण्याची.

राष्ट्रपती भवनाची बाग हे या हिशोबाचं सर्वांत मोठं उदाहरण. पूर्वीचं मुघल गार्डन. जानेवारी २०२३ पासून अमृत उद्यान. लट्यन्सने तिचा आराखडा १९१७ मध्येच पक्का केला होता, पण लागवड झाली १९२८-२९ मध्ये, आणि ती केली विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाने. लट्यन्सचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, मस्टोचं कुणालाच नसतं. नवी दिल्लीच्या रस्त्यांवरच्या जांभूळ, कडुलिंब, अर्जुनाच्या रांगा उभ्या करण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाग लोकांना उघडते, रांगा लागतात, मोबाइल निघतात. त्या ताटव्यांसाठी माती उलटीपालटी केव्हा झाली असेल, हे त्या गर्दीत एखाद्यानेच विचारलं तर विचारलं. आणि जो विचारतो तो हटकून माळी असतो. बदायूँकडचे एक वयस्क चाचा माझ्याबरोबर काम करतात. त्यांना मी एकदा तिथे घेऊन गेले, तर चाचा फुलांकडे पाठ करून वाफ्याच्या कडेची माती चिमटीत घेऊन बघत होते. रखवालदार ओरडला तेव्हा म्हणाले, "फूल नहीं तोड़ रहा भाई, मिट्टी देख रहा हूँ."

ट्युलिपबद्दल मात्र मला फार बरं बोलता येत नाही. अलीकडे नवी दिल्ली नगरपालिका दर हिवाळ्यात हॉलंडहून लाखांनी कंद आणते आणि चाणक्यपुरीतला शांतिपथ फेब्रुवारीत काही दिवस फार देखणा दिसतो. पण आमच्या गिऱ्हाइकांना मग घरीही ट्युलिप हवे असतात. या कंदाला फुलायला आधी कित्येक आठवडे गारठा लागतो. तो त्याला शीतगृहात देऊन आणलेला असतो. दिल्लीच्या मार्चमध्ये फुलून गेलेला कंद पुढच्या वर्षी त्याच कुंडीत पुन्हा उगवून येईल, ही आशा धरण्यात अर्थ नाही. त्या पैशात डझनभर गुलाब येतात आणि ते वर्षानुवर्षं राहतात. गुलाब तर याच शहराचा म्हणावा इतका. बिहारमधल्या पुसा इथली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपात कोसळल्यावर १९३६ मध्ये दिल्लीला आली, येताना नावही घेऊन आली. गव्हावर आयुष्य घालवलेले तिथले डॉ. बी. पी. पाल फावल्या वेळात गुलाबाची पैदास करत. इथल्या हवेला तोंड देणाऱ्या कितीतरी जाती त्यांनी आणि त्यांच्या मागून संस्थेने दिल्या. झेंडूतले पुसा नारंगी आणि पुसा बसंती हेही तिथलेच.

तयारी म्हटली की आधी माती येते आणि इथे माती म्हणजे घराघराची वेगळी कहाणी. नोएडा यमुना आणि हिंडन यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. माती गाळाची, मऊ, हातातून सुटणारी. काळ्या मातीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्यांदा फसवते. वाटतं, किती छान भुसभुशीत. पण दोनदा पाणी घातलं की वर पापुद्रा धरतो, आणि खालून पाणी केव्हा निघून गेलं ते कळतही नाही. म्हणून इथले माळी सारखी गुडाई करतात. आठ-दहा दिवसांनी खुरपीने वरचा थर मोडायचा, हवा खेळू द्यायची. कुंडीसाठी दोन वाटे माती, एक वाटा जुनं शेणखत, एक वाटा पत्तीची खाद म्हणजे पानांचं खत, मूठभर निंबोळी पेंड. आणि निचरा हवा असेल तर बदरपूर. ही बांधकामातली जाडसर वाळू. दिल्लीकर तिला गावाच्याच नावाने ओळखतात.

गुडगावच्या नव्या वसाहतींत मात्र मातीच नसते. तिथे खुरपी चार बोटं आत गेली की खट्ट आवाज येतो. बिल्डरने उरलेला सगळा मलबा, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, फरशांची कपची, खाली पसरून वर वीतभर माती आणि त्यावर लॉनच्या चटया अंथरलेल्या असतात. घर घेताना हिरवंगार दिसतं. पहिल्या मेमध्ये ते लॉन ठिपक्याठिपक्यांनी पिवळं पडतं. मालक खताला, पाण्याला, माळ्याला दोष देतात. अशा ठिकाणी स्प्रिंगच्या तयारीचं पहिलं काम म्हणजे मलबा उपसणं. गोण्या भरून मलबा बाहेर निघायला लागला की मालकीणबाईंचा चेहरा उतरतो, कारण त्यांनी फुलांसाठी बोलावलेलं असतं. मला मात्र हेच काम सर्वांत आवडतं. एकदा केलं की पुढची पंधरा वर्षं निभावतं.

पाणी हा दुसरा ताप. बोअरचं पाणी जड, कुंड्यांच्या बाहेर पांढरे पोपडे धरतात, अनंताची पानं शिरांमधून पिवळी पडत जातात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालून पाणी वाचवल्याचं समाधान अनेकांना मिळतं. त्यात आधीच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात, हे त्यांना सांगितलं की त्यांना वाईट वाटतं. अंगण धुवा, गाडी धुवा, पण रोज कुंडीत नको, एवढं मी सांगते.

फेब्रुवारीतलं सर्वांत नाजूक काम म्हणजे काय मेलं आहे आणि काय झोपलं आहे ते ओळखणं. कढीपत्ता इथे डिसेंबर-जानेवारीत पानं टाकून नुसत्या काड्या दाखवत उभा राहतो. चाफा तसाच. जास्वंदीचे शेंडे करपलेले. लोक ते उपटून टाकतात आणि त्याच जागी नर्सरीतून तेच झाड पुन्हा विकत आणतात! नखाने साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत. फांदी चुटकन मोडली आणि आत तपकिरी असली तरी लगेच कात्री लावायची नाही. करपलेला शेंडा खालच्या डोळ्यांवर पांघरूण धरून असतो. तो आधीच कापला आणि पश्चिमेकडून एखादा मावठा येऊन पुन्हा गारठा पडला, तर नवे कोवळे फुटवे जातात. पुस्तकात याला तापमानाचे आकडे आहेत. चाचांचा आकडा एकच: "होली जला लो, फिर कैंची लाओ." होळी कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी शेवटी, त्यामुळे हा नियम शास्त्राला धरून नाही, असं मी त्यांना म्हणते. तरी जास्वंदीला हात मी होळीनंतरच लावते.

त्याच दिवसांत मावा येतो. नॅस्टर्शियमच्या देठांवर, गुलाबाच्या कळ्यांवर, शेवंतीच्या नव्या फुटव्यांवर. मग विषाची बाटली मागवायची घाई सुरू होते. मी आठवडाभर थांबायला लावते. पाण्याचा जोरदार फवारा, लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब. तेवढ्यात ठिपकेवाले लाल ढालकिडे येतात आणि मावा खायला लागतात. विष मारलं तर आधी तेच मरतात.

मार्च लागला की माझी खरी भांडणं सुरू होतात. वाफे फुलांनी ओसंडून वाहत असतात, सकाळी फिरायला जाणारे थांबून बघतात, शेजारी फोटो मागतात. आणि नेमकी तेव्हाच मी जाऊन म्हणते, यातली एक तृतीयांश रोपं काढू या. गुडगावच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मला फाटकातच अडवलं होतं. "ये सब अभी ड्यूटी पर हैं, मैडम. जो ड्यूटी पर है उसको आप घर कैसे भेजेंगी?" मी विचारलं, "साहब, आप रिटायर हुए तब बीमार थे क्या?" ते मोठ्याने हसले आणि बाजूला झाले. सगळे असे हसत नाहीत.

कारण साधं आहे. पॅन्सी आणि पिटुनिया एप्रिलच्या मध्यापर्यंत रडतखडत तग धरतात. पारा तिशी ओलांडून टिकला की फूल लहान होतं, देठ लांबतात, झाड बी धरायच्या मागे लागतं. ती आपणहून मरेपर्यंत थांबलं, तर उन्हाळ्याची रोपं त्या जागी जायला एप्रिल सरतो. तोवर ऊन अडतीस-चाळीसवर. नवं रोप मुळं पसरायच्या आतच भाजून निघतं, आणि मे-जूनभर अंगणात उरते ती भेगाळलेली माती. उन्हाळी रोपाला मुळं धरायला मार्चचे तीन-चार आठवडे मिळायलाच हवेत. म्हणून मी फेब्रुवारीच्या मध्यात ट्रेमध्ये कोचिया, पोर्तुलाका, झिनिया टाकून ठेवते, आणि फुलत्या वाफ्यातली थकलेली रोपं वेचून वेचून काढत मधल्या जागी ती लावते. पंधरा दिवस अंगण विसकटल्यासारखं दिसतं. त्या पंधरा दिवसांत पाहुणे आले की माझा उद्धार होतो.

या पंधरा दिवसांवरही आता भरवसा ठेवता येत नाही. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. त्या वर्षी होळीच्या सुमारालाच स्वीट पीच्या वेली वाळून खडखडीत झाल्या. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा बारीक राहिला, त्याच्या बातम्या आल्या. आमच्या पॅन्सीची बातमी कोण देणार? पुढच्या वर्षी फेब्रुवारीनेच तोवरचा विक्रम मोडला. दिल्लीचा वसंत पूर्वीही लांबलचक नव्हताच. हल्ली तो पुढून आणि मागून दोन्हीकडून खाल्ला जातोय. त्यामुळे दसऱ्याच्या पेरणीतही मी बदल केला. सगळं एकदम न टाकता दोन हप्त्यांत टाकते, आणि लवकर फुलणारा फ्लॉक्स, कॅलेंड्युला वाढवून पॅन्सी कमी केली. पॅन्सी कमी केल्याबद्दल मला दोन घरांनी सोडलं.

मोगऱ्याचं मात्र वेगळं आहे. त्याची तयारी या सगळ्या कॅलेंडरच्या बाहेरची. नोएडात एका जुन्या सेक्टरमध्ये तळमजल्यावर एक मराठी आजी राहतात. यजमान केंद्र सरकारात होते. अख्खा संसार नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. तळमजला, पुढे आयताकृती अंगण, त्यात कोथिंबीर, मेथी, एक पपई, कुंपणाला मधुमालती. त्या वसाहती पाडून नवे मनोरे बांधायचं ठरलं. २०१८ च्या उन्हाळ्यात सरोजिनीनगर, नेताजीनगर धरून सात वसाहतींतली सोळा हजारांवर झाडं जाणार म्हणून लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. आजींचं कुटुंब त्याच्या आधीच तिथून निघालं होतं. येताना त्यांनी मोगऱ्याची कुंडी आणली. त्यांच्या सासूबाईंनी नागपूरहून आणलेल्या फांदीपासून झालेला तो मोगरा.

जानेवारीच्या मध्यात मी त्याची छाटणी करते. निम्म्यावर आणायचा, जुनी वाळकी लाकडं मुळाशी काढायची, उरलेली पानंही खुडायची, आणि पंधरा दिवस पाणी जवळजवळ तोडायचं. माती मुळांजवळ थोडी उघडी करून ऊन दाखवायचं. मग शेणखत, मूठभर हाडांचं खत, आणि फेब्रुवारीत पाणी सुरू. नवी पालवी येते आणि कळी या नव्या फुटव्यावरच धरते. आजींना हे सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे, तरी दर वर्षी त्या खुर्ची घेऊन समोर बसतात आणि म्हणतात, "अगं, बास की आता. किती बोडका करतेस गं त्याला!" मी कात्री चालवत राहते. त्या पुन्हा म्हणतात, "पाणी तरी घाल घोटभर. थंडीत उपाशी ठेवतेस." एप्रिलमध्ये पहिली परडी भरते तेव्हा यातलं काहीही झालं नव्हतं असा त्यांचा चेहरा असतो, आणि त्या मला वर सुनावतात की यंदा छाटणी जरा आणखी खोल चालली असती.

पाडव्याला त्यांना कडुलिंब हवा असतो, आणि तो आणायचं कामही माझ्याकडे असतं. मार्चमध्ये इथला कडुलिंब पानं टाकत असतो. पाडवा लवकर आला तर झाडावर अर्धी जुनी पिवळी पानं आणि अर्धी तांबूस कोवळी, अशी अवस्था. आजींना गुढीला हिरवागार डहाळा लागतो, वाटायला मात्र कोवळी पानं. दोन्ही एकाच झाडावर मिळत नाहीत, म्हणून दोन झाडं शोधावी लागतात.

ही पानगळ हा दिल्लीतला चमत्कारिक प्रकार. थंड देशांत पानं शरदात पडतात. इथे कडुलिंब, पिंपळ, पिलखन फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतात आणि लगेच नवी घालतात. पिलखनची नवी पानं तांब्याच्या रंगाची असतात. त्या आठवड्यात रस्त्याच्या रस्ता तांबूस होतो. तिकडे काटेसावरीवर लाल वाटीएवढी फुलं, तांबट दिवसभर टुकटुक करत असतो, आणि खाली पानांचे ढीग. झाडूवाल्याला ढिगाची कटकट, मालकाला कटकट, मग कुणीतरी हळूच काडी लावतं. उघड्यावर पानं जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये पाच हजारांचा दंड ठेवला. त्यानंतर जाळणं थांबलं असं नाही, पहाटेकडे सरकलं.

मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वसंताची म्हणून जी काही तयारी करता येते, ती या ढिगाची. अंगणाच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा. जागा नसेल तर कोंबड्यांच्या जाळीचं उभं पिंप. पानांचा एक थर, त्यावर मातीचा पातळ हात, शेणाचं पाणी, पुन्हा पानं. पायाने तुडवायचं, ओलं ठेवायचं, महिन्यातून एकदा उलटायचं. उन्हाळ्यात ते जेमतेम बसतं. पावसाळ्याने काम तमाम होतं. सप्टेंबरच्या मध्यात वरचा थर बाजूला केला की खाली काळं, ओल्या जंगलाचा वास येणारं खत. नेमकं दसऱ्याच्या पेरणीला. यंदाची पानगळ पुढच्या वर्षीच्या फुलांत जाते, इतका सरळ रस्ता असताना लोक पानं पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकतात आणि ऑक्टोबरात 'ऑरगॅनिक' लिहिलेली पिशवी पाचशे रुपयांना घेतात. एका सोसायटीत सामायिक खड्ड्यासाठी मी कमिटीसमोर तासभर बोलले. साप येतील, वास येईल, फ्लॅटच्या किमती उतरतील, असे आक्षेप आले. शेवटी एका बाईंनी मंदिरातल्या निर्माल्याचं काय करायचं हा प्रश्न काढला, आणि निर्माल्यासाठी म्हणून खड्डा मंजूर झाला. पानं त्यात आपसूक जातात.

निर्माल्यावरून आठवलं. वसंत पंचमीला निजामुद्दीनच्या दर्ग्यात मोहरीची पिवळी फुलं घेऊन कव्वाल येतात. अमीर खुसरोच्या काळापासून ही चाल सांगितली जाते. दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सुंदर नर्सरी. नवी दिल्ली वसवताना तिथे झाडं वाढवून पाहिली जात. आगाखान न्यासाने तिचं रूप पालटल्यावर २०१८ मध्ये ती लोकांना खुली झाली. फेब्रुवारीत मी नव्या गिऱ्हाइकांना रोपं घ्यायच्या आधी तिथे एक फेरी मारून यायला सांगते. झाडाची पूर्ण वाढ झाल्यावर ते किती जागा खातं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दहा फुटांच्या अंगणात पिंपळ लावायचा हट्ट कमी होतो.

मार्चअखेर हिरवी जाळी चढते. पन्नास टक्के सावलीची, आणि एप्रिलची वाट न बघता. कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीच्या पूर्वेला हलवायच्या, मातीवर वाळलेल्या पानांचं आच्छादन घालायचं, पाणी सकाळी लवकर. भेंडी आणि दुधी तोवर चार पानांवर असतात. मोहरीच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी आता बंद. उन्हाळ्यात ते मुळांना सोसत नाही. शेजाऱ्यांना त्याचा वास सोसत नाही तो हिवाळ्यातही, पण तेव्हा खिडक्या बंद असतात.

आणि एप्रिलमध्ये बी. लोकांना फुलं झाल्यावर रोपं उपटून अंगण एकदाचं साफ हवं असतं. मी प्रत्येक जातीची दोन-तीन तगडी झाडं राखून ठेवायला लावते. फ्लॉक्सच्या बोंडी तडकून बी उडायच्या आत पहाटे काढायच्या. हॉलीहॉकच्या चकत्या तपकिरी झाल्यावर. कॅलेंड्युलाचं वाकडं, नखासारखं बी हातानेच चुरून घ्यायचं. संकरित पिटुनियाचं बी धरू नका, दुसऱ्या वर्षी कसलंही फूल निघतं, हे मी सांगते तरी धरणारे धरतात, आणि कधीकधी खरंच बरा रंग निघतो. सावलीत वाळवून, कागदी पाकिटात, कडुलिंबाची वाळलेली दोन पानं टाकून, कोरड्या डब्यात. पाकिटावर नाव आणि वर्ष. कर्नलसाहेबांच्या पाकिटांवर नाव, वर्ष, वाफ्याचा क्रमांक आणि खाली लफ्फेदार सही असते. आजी त्यांच्या डबल हॉलीहॉकचं बी पुण्याच्या भाचीला पाठवतात. भाचीने ते एकदा जूनमध्ये पेरलं, पावसात कुजलं. आता आजींनी पाकिटावर ठळक अक्षरांत 'ऑक्टोबर' लिहायला सुरुवात केली आहे.

उरलेलं बी चाचा घेऊन जातात. त्यातून ते त्यांच्या घरामागच्या तुकड्यात पौध करतात आणि ऑक्टोबरात सायकलवरून तीच रोपं त्याच घरांना विकतात. मी एकदा म्हटलं, चाचा, त्यांचंच बी त्यांना विकताय. चाचा म्हणाले, "बीज का पैसा थोड़ी लेता हूँ, दीदी. चार महीने की धूप और बारिश का लेता हूँ." मी हिशोब करून पाहिला. भाव वाजवी होता.